गुलालाचा हिशेब

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की चार दिवसांत गावाच्या वेशीवर फ्लेक्स उभा राहतो. मधोमध निवड झालेला मुलगा किंवा मुलगी, वरच्या पट्टीत आमदार-खासदारांचे फोटो, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दोन डझन नावे. जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळला जातो, आईवडिलांना उघड्या जीपमधून मिरवले जाते, शाळेत नारळ-शाल होते. या आनंदात खोट काढायचे कारण नाही. ज्या घराने बियाणे उधारीवर आणले, पण पोराच्या मेसचे पैसे कधी थकवले नाहीत, त्या घराला एक दिवस गुलालाचा हक्क आहे. मात्र त्याच गावातली आणखी वीस-पंचवीस मुले त्याच परीक्षांना बसलेली असतात. त्यांचा फ्लेक्स लागत नाही, हे समजण्यासारखे आहे. ‘ह्याचं काही झालं नाही’ हा शेरा मात्र त्यांच्या नावापुढे कायमचा लागतो, आणि तो कुणाला खटकतही नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण आणि निमशहरी भागाने यशाचा एकच पुरावा मान्य करायचे ठरवलेले दिसते: ‘पोस्ट’. पोस्ट निघाली तर माणूस यशस्वी, नाही निघाली तर फुकट गेला. ही व्याख्या दोन्हीकडून घात करते. ज्यांची निवड होत नाही त्यांची उमेदीची वर्षे ती खाते, आणि ज्यांची होते त्यांना ‘आता मिळवायचे ते मिळाले’ असे पहिल्याच दिवशी सांगून मोकळी होते. यातले पहिले नुकसान आता थोडेफार बोलले जाते. दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी आकडे पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेसाठी 10,16,850 अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षा 5,92,141 जणांनी दिली. मुख्य परीक्षेला 14,624 पात्र ठरले, मुलाखतीपर्यंत 2,855 पोचले आणि निकालात 1,016 जणांची शिफारस झाली. म्हणजे परीक्षेला बसलेल्या साधारण 583 जणांमागे एक. राज्यातल्या भरत्यांचे चित्र फार वेगळे नाही. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज होते. 2024 च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या पुढे गेले.

या आकड्यांचा अर्थ जिद्दीच्या भाषणांत कधी सांगितला जात नाही. समजा, उद्या हे जवळजवळ सहा लाख उमेदवार पहाटे चारला उठू लागले, मोबाइल बंद करून दुप्पट अभ्यास करू लागले. निवड तरीही 1,016 जणांचीच होणार. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचा सराव साऱ्या गावाने केला, तरी गाडीतली आसने वाढत नाहीत. मेहनतीने रांगेतला आपला क्रमांक पुढे सरकतो, पण जागांची संख्या मेहनतीवर ठरत नाही. तेव्हा ‘कष्ट करणाऱ्याला यश मिळतेच’ हे वाक्य एका मुलासाठी प्रेरणा असेल. सहा लाखांसाठी ते धडधडीत खोटे आहे. त्यातल्या 5 लाख 91 हजारांहून अधिक जणांच्या हाती त्या वर्षी काहीही पडणार नव्हते, आणि हे जाहिरात निघाली त्या दिवशीच ठरलेले होते.

तरीही आपण व्याख्यानाला बोलावतो ते निवड झालेल्यालाच. तो मनापासून सांगतो: रोज चौदा तास अभ्यास केला, सण-समारंभ सोडले, नोट्स स्वतः काढल्या, हार मानली नाही. ऐकणारी मुले वहीत उतरवून घेतात. हेच सारे तंतोतंत करून दोन गुणांनी राहिलेला मुलगा त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेला असतो. त्याच्या हातात माइक कुणी देत नाही. दिला असता तर ऐकणाऱ्यांना कळले असते की चौदा तासांचा अभ्यास, नोट्स आणि जिद्द दोघांकडेही होती. फरक पडला तो एखाद्या निबंधाच्या विषयाने, मुलाखतीच्या मंडळाने किंवा त्या वर्षी निघालेल्या जागांच्या संख्येने. यात निवडलेल्याची गुणवत्ता कमी होत नाही, पण राहिलेला नालायक होता हा निष्कर्ष टिकत नाही. 2023 च्या त्या परीक्षेत मुलाखतीपर्यंत पोचूनही निकालाच्या यादीत नाव न आलेले 1,839 जण होते. सहा लाखांतून पहिल्या तीन हजारांत आलेला माणूस कुठल्या हिशेबाने ‘नापास’ ठरतो?

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागातली कोणतीही अभ्यासिका आत जाऊन पाहावी. प्लायवूडच्या पार्टिशनने पाडलेले अडीच फुटांचे खण, प्रत्येकाला क्रमांक, डोक्यावर ट्यूबलाइट. खणाच्या आतल्या बाजूला महाराष्ट्राचा नकाशा, चालू घडामोडींची कात्रणे आणि स्केचपेनने लिहिलेले ‘भावी पीएसआय’. दाराबाहेर चपलांची रास. दुपारी मेस, रात्री अकराला चहाची टपरी, आणि टपरीवर एकच विषय: कटऑफ किती लागेल, जाहिरात कधी येईल. एका खणात नुकतीच पदवी घेतलेला एकवीस वर्षांचा मुलगा असतो, शेजारच्या खणात चौतिशीचा उमेदवार. धाकटा त्याला ‘सर’ म्हणतो, कारण ‘सरां’ना सगळे पेपर पाठ असतात. कॉट बेसिसवरची खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज असे धरून महिन्याला दहा-बारा हजार रुपये गावाकडून येतात. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गांना 43 आहे. उशिरा शिकलेल्यांना संधी मिळावी म्हणून ती वाढवली गेली, आणि तो हेतू रास्तच होता. पण त्यामुळे ‘आता थांब’ असे सांगत बंद होणारे दार विशीत तर नाहीच, तिशी उलटल्यावरही लवकर बंद होत नाही. आणखी एक अटेंप्ट, आणखी एक जाहिरात, असे करत दशक सरते. दिवाळीला गावी जायचे ही मुले टाळतात. पारावर कुणीतरी विचारणारच असते, “काय सायेब, निघाली का पोस्ट?” त्यातल्या ‘सायेब’ला किती धार असते, ते ज्याला ऐकावे लागते त्यालाच ठाऊक.

या मुलांना वेडी किंवा लोभी ठरवणे सोपे आहे, पण तो अन्याय होईल. त्यांचा निर्णय त्यांच्या परिस्थितीत शहाणपणाचाच असतो. 1970-71 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती. 2015-16 च्या गणनेत ती 1.34 हेक्टरवर आली. वाटण्या होत होत बांधालाच जागा जास्त लागू लागली. खासगी नोकरी मिळते ती बहुधा कंत्राटदारामार्फत, बारा-पंधरा हजारांची, सहा महिन्यांनी नूतनीकरणाची. सरकारनेही 2023 मध्ये बाह्य एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा घाट घातला होता. ओरड झाल्यावर तो निर्णय मागे घ्यावा लागला. अशा वेळी दरमहा नक्की येणारा पगार, दवाखान्याची सोय आणि चारचौघांत मान मिळवून देणारी एकच वाट दिसत असेल, तर तिच्यावर गर्दी होणारच.

लग्नाचा बाजारही त्याच वाटेकडे ढकलतो. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जुळणारे तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले होते. बातम्यांत त्याचे हसू झाले. त्यामागे घटलेल्या मुलींच्या संख्येचा प्रश्न होता, तसाच ‘नोकरीवालाच पाहिजे’ या अटीचाही होता. मुलींची गोष्ट आणखी निराळी. कित्येक घरांत मुलीला शहरात एकटे राहू देण्याचे एकमेव सन्मान्य कारण म्हणजे स्पर्धा परीक्षा. “दोन वर्षं देतो, नाहीतर स्थळ बघतो,” असे वडिलांनी आधीच बजावलेले असते. तिच्यासाठी अभ्यासिका हे परीक्षेच्या तयारीइतकेच थोडा श्वास घेण्याचे ठिकाण असते. तिची ती दोन वर्षे वाया गेली असे बाहेरून कुणी म्हणू नये.

तेव्हा स्थैर्य हवे असणे हा दोष नाही. घोटाळा स्थैर्याची इच्छा आणि माणसाची किंमत या दोन गोष्टी एकत्र बांधल्या जातात तेव्हा होतो. नोकरी मिळाली नाही, एवढेच घडलेले असते. घरात, गावात आणि अखेर त्या मुलाच्या स्वतःच्या मनात त्याचे भाषांतर ‘मी कुचकामी’ असे होते. 2021 च्या जूनअखेरीस पुण्याजवळ एका चोवीस वर्षांच्या उमेदवाराने आयुष्य संपवले. राज्यभर हळहळ झाली, विधिमंडळात चर्चा झाली. पण तो मुलगा परीक्षेत नापास झालेला नव्हता. पूर्व आणि मुख्य दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊन तो मुलाखतीची वाट पाहत होता, आणि करोनाकाळात रखडलेली प्रक्रिया पुढे सरकत नव्हती. एका आत्महत्येमागे एकच कारण शोधू नये, हे खरे. तरीही गुणवत्ता सिद्ध केलेल्या मुलालाही ‘पोस्ट नाही तोवर काहीच नाही’ असे वाटावे, इतकी ही व्याख्या हाडीमांसी भिनली आहे, एवढा इशारा त्यातून घ्यायला हवा होता. आपण हळहळलो आणि पुढच्या जाहिरातीची वाट पाहू लागलो.

या व्याख्येचा एक फायदा मात्र राज्यकर्त्यांना होतो. अपयश वैयक्तिक मानले की प्रश्न वर जात नाही. पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले ते मार्च 2021 मध्ये पुढे ढकललेल्या परीक्षेसाठी, फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यसेवेची वर्णनात्मक पद्धत लगेच नको, 2025 पासून लागू करावी म्हणून, ऑगस्ट 2024 मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या म्हणून. तिन्ही वेळा सरकार किंवा राज्य लोकसेवा आयोग नमला. मागण्या योग्यच होत्या, पण तिन्ही रांगेच्या व्यवस्थेबद्दल होत्या. रांग इतकी लांब का, तालुक्याच्या ठिकाणी बरी म्हणावी अशी खासगी नोकरी का नाही, कंत्राटी कामगाराला किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी का मिळत नाही, यासाठी त्या पेठांतून मोर्चा निघत नाही. ज्याला वाटते की आपणच कमी पडलो, तो सरकारला काय जाब विचारणार?

आता दुसऱ्या नुकसानाकडे वळू, कारण ते साऱ्यांना भोवते. निवड हाच कळस मानला, तर निवडीनंतरची तीस वर्षे काय? आपला गुलाल पदासाठी असतो. अजून सुरूही न झालेल्या कामासाठी तो नसतोच. सत्कारात विचारले जाते ते पोस्ट कोणती, गाडी मिळणार का, बंगला मिळणार का. पंचनामा वेळेत होईल का, हे कुणी विचारत नाही. मग निवडलेल्याने तरी वेगळे का शिकावे? 2024 च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याचे प्रकरण देशभर गाजले. सुरुवात झाली ती स्वतंत्र दालन आणि खासगी मोटारीवरचा दिवा यांवरून. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाने ती उमेदवारीच रद्द केली. लोकांनी त्या एका व्यक्तीला शिव्या घातल्या आणि विषय संपवला. पण दिवा, दालन आणि रुबाब म्हणजेच यश हे त्या व्यक्तीला शिकवले कुणी? आपल्याच फ्लेक्सवर ‘भावी साहेबां’च्या फोटोमागे अंबर दिव्याची गाडी छापलेली असते.

याउलट चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण पाहावे. रायगड जिल्ह्यातला हा माणूस 1918 मध्ये आयसीएस परीक्षेत पहिला आला. आज ती गोष्ट सामान्यज्ञानाच्या पुस्तकापुरती उरली आहे. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून, आणि त्याहून अधिक 1956 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस म्हणून. पहिला क्रमांक त्यांना मिळाला होता. मोठेपण त्यांनी नंतरच्या अडतीस वर्षांत कमावले, तेही एक पद मिळवून आणि एक सोडून.

इथे एक सोपी पळवाट दिसते. ‘सरकारी नोकरीच्या मागे लागू नका, उद्योजक व्हा, आवडीचे काम करा’ असे सांगणारी व्याख्याने आता तितक्याच गर्दीत होतात. यात व्याख्या बदलत नाही, फक्त फ्लेक्सवरचा फोटो बदलतो. अधिकाऱ्याच्या जागी स्टार्टअपवाला येतो, आणि ज्याचे दुकान चालले नाही त्याला पुन्हा तोच शेरा मिळतो. यशाची कसोटी असामान्य माणसांवरच बेतायची म्हटले, तर सामान्य माणूस दर वेळी हरणारच. एसटीच्या डेपोत रात्रपाळीला गाडीचे ब्रेक तपासून सही करणारा मेकॅनिक, गरोदर बाईचे वजन न चुकता नोंदवणारी आशा सेविका, शेतकऱ्याला गरज नसलेले औषध गळ्यात न मारणारा कृषी सेवा केंद्रवाला, यांच्या कामावर आपले रोजचे जगणे उभे आहे. यांच्यापैकी कुणालाही आपण ‘यशस्वी’ म्हणत नाही. म्हणायला हवे, आणि तेही दयेपोटी नको. त्यांच्या कामाने दुसऱ्याचे काय भले झाले, हे मोजता येते. पुष्कळ मोठ्या पदांबाबत तेच मोजता येत नाही.

अभ्यासिकेतून रिकाम्या हाताने परतणाऱ्या मुलालाही हीच कसोटी लावून पाहावी. वि. स. पागे हे नाव तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते, कारण ‘रोजगार हमी योजनेचे जनक कोण?’ हा हमखास येणारा प्रश्न. पाग्यांनी ती कल्पना तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात आधी राबवून पाहिली होती. आपला मुलगा हे एका गुणासाठी पाठ करतो. स्वतःच्या गावात रोजगार हमीचे मजुरीपत्रक कोण भरते, त्यावर कुणाची नावे आहेत, हे तो पाहत नाही. 73 वी घटनादुरुस्ती, माहितीचा अधिकार, 2015 चा लोकसेवा हक्क कायदा हे सारे त्याला कलमांसह येते. हजार वस्तीच्या गावात एवढे जाणणारा दुसरा कुणी नसतो. तरीही तो मान खाली घालून परततो, आणि गावालाही त्याच्या त्या ज्ञानाचा उपयोग सुचत नाही. ग्रामसभेत ताळेबंद मागणारा, म्हातारीचा वारस नोंदीचा फेरफार अडला तर कोणत्या कायद्याखाली दाद मागायची ते सांगणारा माणूस गावात आला आहे, असे कुणाला वाटतच नाही. गावाला दिसतो तो पोस्ट न निघालेला मुलगा. यात खरे नुकसान गावाचे आहे.

यातून बाहेर पडायला मोठ्या क्रांतीची गरज नाही, काही रोकड्या गोष्टी कराव्या लागतील. मुलाला पुण्याला पाठवण्याआधीच घरात बसून वर्षे ठरवावीत: तीन किंवा चार, त्यापुढे नाही. ही मुदत वडिलांनी लादलेली नसावी, सगळ्यांनी मिळून मान्य केलेली असावी. तयारी चालू असतानाच पोटापाण्याचे एखादे कौशल्य हाताशी असावे, मग ते संगणकावरचे असो, वायरिंगचे असो की हिशेबाचे. ‘प्लॅन बी ठेवला की लक्ष विचलित होते’ हा क्लासवाल्यांचा सल्ला फी भरणाऱ्याच्या हिताचा नाही. क्लासच्या जाहिरातीत निवड झालेल्यांचे फोटो छापायचे असतील, तर त्या वर्षी किती जणांनी फी भरली तोही आकडा शेजारी छापणे सरकारने सक्तीचे करावे. आयोगाने वेळापत्रक पाळावे, कारण लांबलेल्या प्रत्येक महिन्याचे भाडे कुणाच्या तरी शेतातून येते.

आणि गावांनी सत्काराची तारीख बदलावी. निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटा. शाल, नारळ आणि व्यासपीठ मात्र पाच वर्षे राखून ठेवा. तोवर तो अधिकारी ज्या तालुक्यात काम करतो, तिथल्या लोकांना विचारा: हेलपाटे कमी झाले का, चिरीमिरी थांबली का, साहेब भेटतात का? उत्तर ‘हो’ असेल, तर वाजतगाजत सत्कार करा. त्याच व्यासपीठावर परीक्षेतून परतलेल्या आणि गावाच्या उपयोगी पडलेल्या मुलालाही बसवा. आणि यंदाच्या दिवाळीत पेठेतला एखादा मुलगा गावी आलाच, तर पोस्टचे विचारू नका. काय वाचतोस, त्यातले आपल्या गावाला काय लागू पडते, ते विचारा.